ऑर्केस्ट्रा ठरलाय? आधी गेट आणि अर्थिंग बघा

शाळेच्या मैदानावर मंडळाचा ऑर्केस्ट्रा, दीड-दोन हजार माणूस, सुरक्षेचं काय काय बघायचं, असं तुम्ही विचारलंय. अठरा वर्षं साउंड लावतोय, त्यावरून सांगतो.

गेटापासून सुरुवात करा. शाळेच्या मागच्या गेटाला कुलूप असतं, किल्ली शिपायाकडे आणि शिपाई गावाला. 25 नोव्हेंबर 2023 ला कोचीच्या कुसाट विद्यापीठात गाण्याच्या कार्यक्रमाला चार जण चेंगरून गेले. ना स्टेज पडलं, ना आग लागली. पाऊस आला, बाहेर थांबलेली पोरं आडोशाला आत धावली आणि गेटाच्या आत लगेच उतरत्या पायऱ्या होत्या. त्यामुळे मागचं गेट कार्यक्रमभर सताड उघडं ठेवा, समोर एकही दुचाकी लागू देऊ नका. पाऊस आला तर लोक कुठे पळतील, हे आदल्या दिवशी मैदानात उभं राहून बघा.

दुसरी गोष्ट करंट. एकदा आमच्या गायिकेने माइकला ओठ लावले आणि झटकन मागे झाली. म्हणाली, "दादा, झिणझिण्या येतायत." आयोजक हसले. कीबोर्डचा अँप्लिफायर शाळेच्या बोर्डावरून घेतला होता, साउंड जनरेटरवर आणि जनरेटरला अर्थिंगच नव्हतं. ओल्या गवतावर अनवाणी कोणी माइक धरला असता तर? तेव्हापासून सगळी लाइन एकाच ठिकाणाहून घेतो, जनरेटरला अर्थिंग करून घेतो आणि 30 मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन लगेच तोडणारा स्विच, स्वतःच्या पेटीत बाळगतो. मंडपवाला "काही होत नाही" म्हणेल. तो दरवेळी तेच म्हणतो.

आवाजाचं थोडक्यात: रात्री दहाला बंद, जास्त वेळेची सवलत वर्षातल्या ठरावीक दिवसांनाच मिळते. लहान मुलांना स्पीकरच्या थप्पीसमोर बसवू नका, तिथे दोरी बांधा. स्टेजमागे अग्निशामक सिलिंडर ठेवा आणि 108 ची गाडी आत येईल एवढी वाट मोकळी ठेवा.

आणि मंडळातल्या एकाच माणसाला गाणं थांबवायचा अधिकार द्या. अध्यक्षांना नको, ते पाहुण्यांत अडकलेले असतात. गर्दीकडे तोंड करून उभा राहणारा, नाचगाण्यात फारसा रस नसलेला कोणीतरी निवडा. त्याने हात वर केला की मी गाण्याचे सगळे आवाज खाली घेतो, निवेदकाचा माइक तेवढा चालू ठेवतो आणि मैदानातले दिवे लावायला सांगतो. त्या दिव्यांचं बटण कुठे आहे, हे मात्र मला कार्यक्रमाआधी दाखवून ठेवा.