गोधडी ऑनलाइन विकून हातात काय पडतं?

प्रश्न: ताई नमस्कार, मी औसा तालुक्यातली (लातूर). सुगी उरकली की मी आणि माझ्या सासूबाई ओसरीवर बसून गोधड्या शिवतो, सासूबाईंचा धावदोरा इतका बारीक की बघणारे हात लावून बघतात. मागच्या वर्षी पुण्याच्या नणंदेच्या शेजारणीनं एक गोधडी १८०० ला नेली तेव्हापासून लेक मागं लागलाय की मोठ्या साइटवर टाकू, देशभर गिऱ्हाईक मिळंल. गटातल्या बायका म्हणतात नादाला लागू नको, कमिशन कापतात, माल परत येतो, जीएसटी नंबर लागतो. सासूबाईंचं म्हणणं वेगळंच, त्या म्हणतात घरची गोधडी अशी कुणालाबी विकायची का. खरंच परवडतं का, की उगीच डोक्याला ताप?

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचून मला माझीच ओसरी आठवली. मी परभणीची, आठ वर्षं झाली गोधड्या विकते, साइटवरही विकल्या आणि साइटशिवायही. तर परवडतं का हे विचारायच्या आधी एक काम करा, भिंतीवर खडूनं रेघा मारा. एक तास शिवलं की एक रेघ, सासूबाईंची वेगळी तुमची वेगळी. मी असं केलं तेव्हा साडेचार बाय सहा फुटाच्या एका गोधडीला, बोटभर अंतरानं दोरा घालून, ६२ रेघा झाल्या. मला वाटत होतं तीसेक तास होत असतील! आपण मधेच भाकरी टाकायला उठतो, लेकरू बघतो, परत बसतो, त्यामुळं वेळ कळतच नाही.

आता ६२ तास म्हणजे सात तासाच्या हिशोबानं जवळपास नऊ दिवस. तुमच्या गावात खुरपायला जाणाऱ्या बाईला जो रोज मिळतो तो धरा, मी समजायला ३०० धरते, झाले २७००. वरचं नवं कापड, कडेची पट्टी, रीळ मिळून ५०० धरा (आतली जुनी लुगडी घरची, त्याचे काहीच धरले नाहीत). झाले ३२००. म्हणजे ती १८०० ला गेलेली गोधडी १४०० च्या तोट्यात गेली ताई, आणि त्यात कुठली साइट नव्हती, कुठलं कमिशन नव्हतं. हे मी तुम्हाला वाईट वाटावं म्हणून सांगत नाही, आपण सगळ्याच असं करतो, "घरात बसून तर करते, त्याचे काय पैसे धरायचे" म्हणून. पण मजुरी धरली नाही तर ऑनलाइन असो की आठवडी बाजार, जितकं जास्त विकाल तितका हात दुखंल आणि हातात काही उरणार नाही.

आता हीच गोधडी साइटवर ४००० ला टाकली असं समजू. कमिशन, त्यांची ठरलेली फी, पैसे जमा करण्याची फी, आणि त्या सगळ्या फीवर १८ टक्के जीएसटी, मिळून १५ टक्के धरले तर ६०० गेले. कुरिअरचे २५० गेले. राहिले ३१५०, आपला खर्च ३२००. चार हजाराला विकूनही पन्नास रुपये खिशातून. बरं प्रत्येक साइटची फी वेगळी असते, वस्तूच्या प्रकारावर आणि किमतीवर ठरते आणि अधूनमधून बदलते, त्यामुळं लेकाला सांगा की खातं उघडायच्या आधी त्यांचं फीचं पान नीट वाच, मीशोसारखी साइट कमिशन घेत नाही म्हणून तिथं सगळं फुकट असतं असंही नाही, पाठवणी आणि परतीचा खर्च असतोच, आणि तिथलं गिऱ्हाईक स्वस्तातलं शोधत आलेलं असतं.

कुरिअरचं एक गणित मात्र लेकाला आजच शिकवा, कारण गोधडीला सगळ्यात जास्त तिथंच मार बसतो. कुरिअरवाला नुसतं वजन बघत नाही, जागा बघतो. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घ्यायची, गुणाकार करायचा, ५००० नं भागायचं, येईल तितके किलो, आणि खरं वजन आणि हे वजन यात जे जास्त त्याचे पैसे. माझी गोधडी सव्वादोन किलोची. घडी घालून ४५ बाय ३५ बाय १६ च्या खोक्यात घातली तर पाच किलो धरली जायची! मग मी ती हवा काढायची प्लॅस्टिकची पिशवी आणली, पिचकारीसारख्या पंपानं हवा ओढून घेतली तर उंची १६ ची ७ वर आली, म्हणजे बरोबर २.२ किलो. पहिल्यांदा केलं तेव्हा माझी जाऊ घाबरली होती की दोरा तुटंल म्हणून, पण सुती गोधडीला काही होत नाही, गिऱ्हाइकानं पिशवी कापली की तासाभरात परत फुगते. फक्त गोधडी कडक उन्हात वाळवलेली पाहिजे, ओल राहिली तर पिशवीत कुबट वास धरते.

परतीचं म्हणाल तर गटातल्या बायका खोटं बोलत नाहीत. एका मोठ्या साइटवरून माझी एक गोधडी नऊ दिवसांनी परत आली, कारण लिहिलं होतं "रंग फोटोपेक्षा वेगळा". उघडली तर एका कोपऱ्याला हळदीचा डाग आणि घडी अशी मोडलेली की सरळ कळत होतं कुणीतरी वापरलीय, चार दिवस पाहुणे आले असतील. मी तक्रार केली, फोटो पाठवले, त्यांनी पुरावा मागितला की पाठवताना डाग नव्हता कशावरून. माझ्याकडं नव्हता. त्या दिवसापासून मी पॅक करताना मोबाईलवर व्हिडिओ काढते, दोन्ही बाजू, चारी कोपरे, शेवटी पत्त्याचा कागद, मधे न थांबवता, आणि परत आलेलं पार्सल उघडतानाही तसंच. दावा करायला मुदत लई थोडी असते, त्यामुळं परतीचं पार्सल आलं की त्याच दिवशी उघडायचं, पाहुणे असोत की लग्न.

आणि कॅश ऑन डिलिव्हरी. दारात पार्सल गेल्यावर "आता नको" म्हणणारे खूप असतात. आमच्या गटात नवीन बाईला आम्ही सांगतो की दहातली दोन परत येतील असं धरूनच किंमत लाव.

जीएसटीची भीती मात्र काढून टाका, निदान सुरुवातीला. ऑक्टोबर २०२३ पासून नियम बदललाय. वर्षाची विक्री ४० लाखाच्या आत असेल तर वस्तू विकणाऱ्याला जीएसटी नोंदणी न करताही साइटवर विकता येतं, पॅन देऊन जीएसटीच्या पोर्टलवर एक नावनोंदणी क्रमांक तेवढा काढावा लागतो. अट एकच मोठी, माल आपल्याच राज्यात विकायचा. म्हणजे लेक म्हणतो तसं देशभर नाही, पण पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर आहेच की, आणि गोधडी म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज तिथं पडत नाही. जीएसटी नंबर घेतला की विक्री असो नसो रिटर्न भरत बसावे लागतात, त्याची घाई करू नका. पॅन मात्र सगळीकडं द्या, पॅन दिलेलं असेल आणि विक्री वर्षाला ५ लाखाच्या आत असेल तर साइटवाले तुमचा इन्कम टॅक्सचा टीडीएस कापत नाहीत.

तर मग करायचं काय? माझं अनुभवानं झालेलं मत सांगते. मोठी गोधडी मोठ्या साइटसाठी नाहीच. तिथं एकदा फोटो टाकला, माहिती लिहिली की त्याच फोटोवर शंभर नग गेले तर फायदा. आपली प्रत्येक गोधडी वेगळी, एक विकली की फोटो बाद, परत उजेड बघा, परत फोटो, परत माहिती. आणि शेजारीच मशीनवरची ९०० ची रजई दिसत असते, तिच्या बाजूला साडेचार हजाराची गोधडी बघून माणूस पुढं सरकतो, त्याला आपला धावदोरा अंगठ्याएवढ्या फोटोत दिसणार कसा?

साइटवर टाका दुपटी. तान्ह्या लेकराची, मीटरभर बाय पाऊण मीटर, मऊ सुती, नवं कापड दोनदा धुऊन घेतलेलं. एकाच छापाचा ताका आणा, सहा-सात दुपटी सारखी निघतील, एका फोटोत काम होतं. माझे दुपट्याला ९ तास लागतात, मजुरी ३९०, कापडदोरा १५०, झाले ५४०. नऊशेला विकलं, १५ टक्के म्हणजे १३५ आणि अर्ध्या किलोच्या आतलं कुरिअर ७० गेलं, पिशवी-खोक्याचे २०, राहिले ६७५. मजुरी सुटून वर १३५. मोठी रक्कम नाही, पण दर वेळी सुटते, आणि एखादं परत आलं तर जीव जात नाही.

आणि मोठी गोधडी ऑर्डरवर शिवा, व्हॉट्सॅपवर. दुपट्याच्या पार्सलमध्ये आपला नंबर लिहिलेला एक कागद ठेवायला साइटवाले कटकट करतात, त्यांचे नियम बघून घ्या, पण इन्स्टाग्रामवर आपलं पान असायला कुणाची ना नाही. तिथं सासूबाईंच्या हाताचा व्हिडिओ टाका, सुई आत जाते बाहेर येते इतकाच, आवाजाला मागं कोंबडं आरवलं तरी चालतंय. मला गेल्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त काम कशाचं आलं माहितीये का, लोक त्यांच्या आईच्या साड्या पाठवतात. आई गेलेली असते, कपाटात साड्या तशाच असतात, वापरवत नाहीत आणि टाकवत पण नाहीत. कुरिअरनं साड्या येतात, मी वरच्या अंगाला कुठली घ्यायची ते फोन करून विचारते, निम्मे पैसे आधी घेते, निम्मे फोटो दाखवल्यावर, मग पाठवते. एकही परत आली नाही आजवर. अंबाजोगाईच्या एका दादांनी त्यांच्या आईचं हिरवं इरकल लुगडं पाठवलं होतं, पदराला पानाचा डाग होता, मी विचारलं काढू का, ते म्हणाले नका, तो तिचाच आहे, वर राहू द्या. सासूबाईंना हे सांगा. घरची गोधडी कुणालाबी विकायची नाही हे त्यांचं बरोबरच आहे, अशी ऑर्डर असली की ती कुणाच्या तरी घरचीच असते.

प्रश्न: आमच्या तांड्यावर (जि. हिंगोली) आया-बहिणी आरसे-कवड्यांचं भरतकाम करतात. एक व्यापारी येतो, जुन्या फेट्यांचे (बंजारा घागऱ्यांचे) तुकडे नेतो आणि पिशव्या करून ऑनलाइन विकतो. आम्हीच का विकू नये?

उत्तर: जरूर विका, आणि आधी जुने तुकडे देणं बंद करा. आज्जीच्या हातचं काम परत होत नाही, ते गेलं की नमुना पण गेला. त्याचे फोटो काढून ठेवा आणि नव्या कापडावर तेच टाके घालून बटवे, मोबाईलच्या पिशव्या करा. तुम्ही दहा-बारा जणी असाल तर गट करून उमेदमध्ये (बचत गटांचं सरकारी अभियान) नोंद करा, मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात स्टॉल मिळू शकतो, आणि समोरासमोर विकताना कुठली पिशवी आधी उचलली जाते ते आठ दिवसांत कळतं, ऑनलाइन कळायला सहा महिने जातात. हस्तकला कारागिराचं पहचान कार्ड काढून घ्या. वस्त्रोद्योग मंत्रालयाचं इंडियाहँडमेड हे पोर्टल २०२३ पासून आहे, तिथं कमिशन नाही. आणि कवडी नीट ओवलेली आहे का ते ओढून बघा, आरशाची कड हाताला लागली की परत येतं पार्सल.

प्रश्न: छत्रपती संभाजीनगरला आमच्या घरी हिमरूचा हातमाग आहे. साइटवर "हिमरू" लिहून मशीनच्या शाली ४०० ला विकतात. आमची बघून लोक महाग म्हणतात. काय करावं?

उत्तर: उलटी बाजू दाखवा. ताणा (उभे धागे) सुती आणि बाणा (आडवे धागे) रेशमी असलेल्या हिमरूच्या मागं रेशमाचे सुटे धागे असतात, शालीला ऊब आणि मऊपणा त्यानंच येतो. पहिला फोटो सुलटीचा, दुसरा लगेच उलटीचा, तिसरा मागावर बसलेल्या माणसाचा. पैठणीवाले पण हेच करतात फक्त उलटं, त्यांच्या पदराची मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ असते ते दाखवतात. हँडलूम मार्क (माल हातमागाचा असल्याची सरकारी खूण) २००६ पासून आहे, नसेल घेतला तर घ्या, त्याचं लेबल फोटोत आलं पाहिजे. आणि ४०० च्या शेजारी उभं राहून किंमत उतरवू नका हो, तुमचा माग बंद पडला तर शहरात हे काम येणारी माणसं किती उरलीत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. वेरूळ-अजिंठ्याला येणारे पाहुणे माग बघायला घरी येतात का? येत असतील तर नंबर घ्या, दिवाळीच्या महिनाभर आधी नवीन शालींचे फोटो पाठवा, माझी अर्धी विक्री अशा जुन्या नंबरांवरच होते.

प्रश्न: मुलगी म्हणते परदेशातल्या एट्सी या साइटवर टाकू, डॉलर मिळतात. (परभणी)

उत्तर: मिळतात, पण फी पण डॉलरमध्येच जाते. एक वस्तू टाकायला ०.२० डॉलर, ती चार महिने राहते, विकली की किंमत आणि पाठवणी धरून ६.५ टक्के, पैसे जमा करायचे वेगळे. आयात-निर्यात कोड काढावा लागेल, सरकारी फी ५०० रुपये, एजंटला हजारो देऊ नका. पोस्टाची डाकघर निर्यात केंद्रं आहेत, तिथं कागद करून देतात. अमेरिकेत मात्र ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला ड्युटी माफ होती ती २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली, त्यामुळं तिथलं गिऱ्हाईक आलं तर ड्युटी कोण भरणार हे पाठवायच्या आधी लिहून ठरवा. आधी पुण्या-मुंबईला वीस पार्सलं बिनतक्रार पोचवा, मग एट्सी. मुलीला घेऊन घरी या एकदा, पॅकिंग दाखवते.