स्टिव्हिया टकलावर लावायची का जी?

मानेवाड्याहून एक काका विचारतात: स्टिव्हियानं (साखरेऐवजी वापरतात ती गोड पानांची वनस्पती) केस येतात अशी बातमी वाचली. घरी शुगर-फ्रीचा डबा आहे, तेलात टाकून लावू का?

नका लावू काका, तो डबा चहापुरताच राहू द्या (अन् त्यात स्टिव्हियाच आहे का तेही मागं वाचून पाहा). बातमी खरी आहे, पण अर्धीच पोचली. 2025 मध्ये सिडनी युनिव्हर्सिटी आणि चीनमधल्या संशोधकांनी बारीक सुयांचा, कातडीत विरघळणारा पॅच बनवला, त्यात स्टिव्हियातलं गोड द्रव्य स्टिव्हिओसाइड आणि केसगळतीवर डोक्याला लावायचं आपलं नेहमीचं औषध मिनॉक्सिडिल. केस आणायचं काम मिनॉक्सिडिलचंच, स्टिव्हिया फक्त त्याला विरघळवून आत नेते. आता गंमत पाहा, मिनॉक्सिडिल पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून बाटलीत अल्कोहोल आणि प्रोपिलीन ग्लायकॉल घालतात, आणि लावल्यावर जी खाज सुटते, पापडी धरते ती बऱ्याचदा त्या ग्लायकॉलमुळे. म्हणून हा पॅच कामाचा वाटतो. पण प्रयोग उंदरांवर झाला, दुकानात काही आलेलं नाही. खाज फारच होत असेल तर डॉक्टरांना मिनॉक्सिडिलच्या फोमचं (फेसाचं) विचारा, त्यात सहसा ते ग्लायकॉल नसतं.

रोझमेरी तेल मिनॉक्सिडिलइतकंच चालते म्हणतात. औषध सोडू का?

सोडू नको भाऊ. 2015 चा इराणमधला अभ्यास आहे, 100 जण, 6 महिने, शेवटी दोघांचा निकाल जवळपास सारखाच. पण समोर मिनॉक्सिडिल होतं 2 टक्केवालं, पुरुषांना आपण बहुतेक 5 टक्के देतो. औषध बंद केलं की त्यानं टिकलेले केस काही महिन्यांत जातात, मग तेलाला शिव्या देशील. सोबत लावायचं तर दोन-चार थेंब खोबरेल तेलात, नुसतं नाही.

सप्टेंबरात डेंग्यू झाला, आता मूठ-मूठ केस गळून राहिले. माका लावू की जास्वंद?

ताई, अशाच एक जण परवा पंधरा दिवसांचे केस कॅरीबॅगमध्ये घेऊन आल्या होत्या, मोजून! मी एक केस उजेडात धरून त्यांना दाखवला, टोकाला बारका पांढरा मणी. म्हणजे विश्रांतीत गेलेला केस, मूळ शाबूत. जोराच्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असंच होते आणि साधारण सहा महिन्यांत आपोआप थांबते, तोवर जे तेल लावाल त्याचं नाव होते. माका लावा, हरकत नाही. पण आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या.