बाबांचं जुनं सेको डायव्हर 'नवं करून' घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबा जहाजावर होते, त्यांनी सिंगापुरात घेतलेलं सेको डायव्हर (पाण्यात घालायचं मनगटी घड्याळ), मॉडेल ६३०९-७०४०, कपाटात सापडलं. चावी कितीही फिरवली तरी भरत नाही, हातात धरून हलवलं की मात्र चालतं. काचेला आतून धुकं येतं. सीरियल नंबर १९ ने सुरू होतो. एका दुकानदाराने 'पॉलिश मारून, नवी डायल टाकून अगदी नवं करून देतो' असं सांगितलंय. द्यावं का, आणि नंतर पोहताना घालता येईल का?

पॉलिश आणि डायलसाठी देऊ नका. बाकी कामं बरीच आहेत, ती करून घ्या.

आधी धुकं. बाकी सगळं सहा महिने थांबेल, हे थांबणार नाही. आत ओल आहे म्हणजे गंज सुरू झालाय असंच समजा, आणि चावीची दांडी स्टीलची, बहुतेक वेळा तीच पहिली गंजते. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, बंद केसमधली ओल तांदूळ काय ओढणार? घालणं थांबवा आणि याच आठवड्यात मागचं झाकण उघडून घ्या.

चावी भरत नाही हा बिघाडच नाही. ६३०९ च्या मशीनला हाताने चावी द्यायची सोय मुळातच नाही. आतला रोटर मनगटाबरोबर फिरतो आणि तोच स्प्रिंग भरतो. चावी ओढल्यावर सेकंदकाटा थांबत नाही, तेही तसंच बनवलेलं. कुणी 'चावीचं गिअर गेलंय' म्हणाला तर घड्याळ उचला आणि सरळ घरी या.

आणि १९ म्हणजे १९१९ नव्हे! सीरियलचा पहिला अंक म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक, दुसरा म्हणजे महिना (ऑक्टोबरपासून पुढे ओ, एन, डी अशी अक्षरं). हे मॉडेल १९७६ ते १९८८ या काळातलं, त्यामुळे तुमचं सप्टेंबर १९८१ चं. बाबांचं सीडीसी (जहाजावरच्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक) घरात असेल तर शिक्क्यांच्या तारखा जुळवून बघा, मजा येईल.

आता 'नवं करून देतो'बद्दल. माझा मामा आखातात होता, त्याचं अगदी हेच घड्याळ. तो गेल्यावर मामीला सरप्राइज म्हणून मी ते शहरातल्या एका दुकानात दिलं. या केसची वरची बाजू ब्रश फिरवल्यासारखी मॅट असते, कडा चकचकीत, आणि दोन्हींच्या मधली रेघ धारदार. परत आलं तेव्हा ती रेघ गायब, केस आंघोळीच्या साबणाच्या वापरलेल्या वडीसारखी. बफच्या चाकावर गेलेलं स्टील परत येत नाही. चारच्या खुणेजवळ एक तपकिरी डाग असलेली मामाची डायल जाऊन काळीकुळकुळीत नवी आली होती, तिच्यावरची अक्षरं जराशी जाड. जुनी मागायला गेलो तर, "टाकली हो, काय करायचीय ती?" मामीने घड्याळ हातात घेतलं, उलटसुलट बघितलं आणि विचारलं, "हे कुणाचं?"

म्हणून घड्याळ देतानाच पावतीवर लिहून घ्या: पॉलिश नाही, डायल आणि काटे तेच, बदललेला प्रत्येक भाग परत. आणि सहाच्या खुणेखालच्या बारीक कोडसकट डायलचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा.

आतलं काम मात्र हात आखडता न घेता करा. चालतंय ना, मग कशाला उघडायचं, असं बरेच जण म्हणतात. चालतं ते वाळलेल्या तेलावर, आणि कोरडे आस एकमेकांना खात बसतात. पूर्ण मशीन खोलून, धुऊन, प्रत्येक ठिकाणी योग्य ते तेल घालून जोडणं म्हणजे सर्व्हिसिंग. झाकण काढून एक थेंब सोडणं म्हणजे नव्हे. मी पुढे जुन्या बाजारातून घेतलेल्या एचएमटी जनतांवर हात बसवला (दोन कायमच्या गेल्या) आणि मग स्वतःसाठी घेतलेलं एक ६३०९ उघडलं. झाकणाखालच्या गॅस्केटचं (पाणी अडवणाऱ्या कड्याचं) रबर राहिलंच नव्हतं, डांबर झालं होतं. तासभर दातकोरणीने खरवडत बसलो, बायकोने दोनदा चहा गार झाल्याचं सांगितलं. झाकण, काच आणि चावी, तिन्हीकडची गॅस्केट बदलायलाच हवीत, सिलिकॉन ग्रीस लावून. चावीचे आटे झिजलेत का तेही बघायला सांगा, घट्ट बसत नसेल तर नवं गॅस्केट घालूनही उपयोग नाही. काच हार्डलेक्स, म्हणजे एक प्रकारची कडक केलेली काच. प्लास्टिकच्या काचेसारखे तिचे ओरखडे पॉलिशने जात नाहीत. फार खराब असेल तर बदला, तिच्यात मला तरी भावना गुंतलेल्या दिसत नाहीत.

अंधारात चमकत नाही म्हणून 'रेडियम' भरून देतो असंही कुणी म्हणेल. आपण चमकणाऱ्या सगळ्यालाच रेडियम म्हणतो, पण तुमच्या घड्याळात ते नाही. खरं रेडियम त्याआधीच्या पिढीच्या डायलवर असायचं, ते सोळाशे वर्षांत जेमतेम निम्मं होतं आणि त्याची पूड श्वासात जाणं वाईट, म्हणून तसली घड्याळं हौसेने घरी उघडू नयेत. तुमची पिवळट पडलेली टिंबं तशीच राहू द्या.

पोहण्याचं म्हणाल तर घड्याळावर लिहिलेले १५० मीटर हे १९८१ च्या रबराचे. सगळं झाल्यावर प्रेशर टेस्ट करून देणारा गाठा. घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर कोरड्या घड्याळाची चावी घट्ट लावून ते टेबललॅम्पखाली हाताला चांगलं कोमट लागेल इतकं तापवा, काचेवर गार पाण्याचा एक थेंब टाका, मिनिटभराने पुसा. थेंबाच्या जागी आतून धुक्याचा गोल दिसला तर आत ओल आहे. माझ्याला गेल्या जुलैत दिसला, चावीच्या आट्यांमुळे. ते अजून कपाटात आहे आणि टिळक तलावावर पोहायला मी कॅसिओ घालून जातो.