प्लॉट ‘काढायचा’ की ‘पाडायचा’?

प्रश्न असा आहे : आकडेवारीचे आलेख काढून देणाऱ्या एका सॉफ्टवेअरचा मेनू मराठीत आणायचाय. यंत्राने भाषांतर करताना ‘प्लॉट’चं ‘भूखंड’ केलं आणि ‘लेआउट’ तसंच ठेवलं. योग्य शब्द कोणते?

नागपूरकर म्हणून आधी हसून घेतो. आमच्याकडे प्लॉट म्हटला की पुढचा प्रश्न ‘किती फुटाचा? आरएल (नागपूर सुधार प्रन्यासचं पत्र) आहे का?’ आणि लेआउट म्हणजे थेट पत्ताच, पांडे लेआउटसारखा. पण यंत्राला फार शिव्या देऊ नका. इंग्रजीतला ‘प्लॉट’ मुळात जमिनीचा तुकडाच. त्यावरून जमिनीचा नकाशा, मग कागदावर बिंदू मांडणं, असा सरकत तो आलेखापर्यंत आला.

मराठीत मात्र क्रियापदच निवाडा करून टाकतं. जमिनीचे प्लॉट ‘पाडतात’, आलेख ‘काढतात’. तेव्हा नाम ‘आलेख’, बटणावर ‘आलेख काढा’. एकेका बिंदूबद्दल बोलायचं असेल तर शाळेतलं ‘बिंदू स्थापन करा’ आहेच.

‘मग ग्राफ आणि चार्टला वेगळे शब्द नकोत?’ माझ्या मते नकोत. संख्याशास्त्रज्ञ लेलंड विल्किन्सन यांनी 1999 साली आलेखांचं व्याकरण, ‘ग्रामर ऑफ ग्राफिक्स’, मांडलं (आलेख काढणाऱ्या ‘जीजीप्लॉट’ या सॉफ्टवेअरच्या नावातले दोन ‘जी’ त्यातूनच आले), त्याचा गाभाच हा की आलेखाचे प्रकार म्हणजे सुटे नग नव्हेत. विदा (डेटा), आकार, अक्ष, प्रमाण असे भाग जुळवले की आलेख होतो. शतमान स्तंभालेखातला एकच स्तंभ घ्या, त्याची उंची कोन म्हणून वाचा आणि तो गोल वळवा : झाला वृत्तालेख! ‘जीजीप्लॉट’मध्ये खरंच तसंच करतात, स्तंभ तोच ठेवून फक्त निर्देशक-पद्धती ध्रुवीय (कोन आणि केंद्रापासूनचं अंतर मोजणारी) करतात. आपले पाठ्यपुस्तकातले शब्दही याच घडणीचे. स्तंभ, वृत्त, आयत बदलतात, ‘आलेख’ जागचा हलत नाही. इतकी सोय इंग्रजीच्या ‘हिस्टोग्राम’ (आयतालेख) आणि ‘पाय चार्ट’ (वृत्तालेख) या शब्दांमध्ये नाही.

एक सांभाळा. आलेखाच्या कागदाच्या कोपऱ्यात आपण ‘प्रमाण : 1 सेमी = 10 एकक’ लिहायचो. सॉफ्टवेअरचा ‘स्केल’ त्याहून ऐसपैस असतो, कोणत्या किमतीला कोणता रंग हेही तोच ठरवतो. तरी मी ‘प्रमाण’च ठेवीन, ‘मापश्रेणी’ वाचून कुणी बटण दाबणार नाही.

‘लेआउट’ला साधं ‘मांडणी’.