वाचकांचे प्रश्न : मुंगळ्यांचे घरटे बांधताना

प्रश्न : वळवाच्या मोठ्या पावसानंतर आमच्या मुलाला गच्चीवर पंख गळालेली मोठ्या काळ्या मुंगळ्यांची राणी सापडली. परीक्षानळीत पाणी आणि कापूस घालून त्याने ती अंधारात ठेवली. आता तिच्याभोवती दहा-बारा कामकरी मुंग्या दिसतात. प्लास्टर ऑफ पॅरिसचे, पन्हाळगडासारखे तीन मजली घरटे करण्याचा त्याचा बेत आहे. ते कसे करावे, आणि प्लास्टरला बुरशी येते हे खरे का?
— एक पालक, राजारामपुरी

उत्तर : पहिली पिढी नळीत सुखरूप वाढली, म्हणजे सर्वांत नाजूक टप्पा पार पडला आहे. या जातीची (कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस) राणी पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर पडेपर्यंत काही खात नाही. पंख गळाल्यावर निरुपयोगी झालेले उडण्याचे स्नायू आणि अंगातली चरबी यांच्यावरच ती पहिल्या अळ्या पोसते. मात्र दहा-बारा जणींच्या कुटुंबाला तीन मजले आत्ताच देऊ नयेत. जागा गरजेपेक्षा मोठी झाली, की मुंग्या रिकाम्या दालनांत उष्टे-खरकटे आणि मेलेल्या मुंग्या टाकू लागतात आणि तो कचरा आपल्याला काढता येत नाही. बुरशीचे मूळ बहुधा तिथेच असते. प्लास्टर ओलावा धरून ठेवते एवढाच त्याचा दोष. ओल, खरकटे आणि कोंदट हवा एकत्र आल्याखेरीज बुरशी सहसा फोफावत नाही. तेव्हा संख्या तीस-चाळीसपर्यंत जाईतो नळीच राहू द्यावी, आणि नळीचे तोंड एका लहान डब्यात उघडावे. या डब्याला आपण अंगण म्हणू. गुळाचे पाणी, मारलेला किडा आणि मुंग्यांचा कचरा हे सारे अंगणात असावे, घरट्यात नव्हे. गूळ मात्र रंग उजळवण्यासाठी हायड्रोस पावडर वापरलेला नसावा. कोल्हापुरात रसायनाविना केलेला काळसर गूळ मिळणे काही अवघड नाही.

पुढे घरटे करताना, काचेवर शाडूने दालनांचे आणि त्यांना जोडणाऱ्या वाटांचे उंचवटे घडवावेत, भोवती पुठ्ठ्याची किंवा लाकडी पट्ट्यांची चौकट उभी करून तिच्यात प्लास्टर ओतावे, आणि ते घट्ट झाल्यावर उलटे करून शाडू कोरून काढावा. शाडू आणि प्लास्टर दोन्ही गणेशमूर्तींच्या निमित्ताने आपल्या कुंभार गल्लीत सहज मिळते. साधारण दोन वाट्या पावडरीला एक वाटी पाणी लागते, आणि पावडर पाण्यात सोडावी, पावडरीवर पाणी ओतू नये, नाहीतर गुठळ्या होतात. अर्ध्या तासात ठोकळा घट्ट होतो, पण तो वाळायला कित्येक दिवस लागतात. हाताला गार लागतो आहे तोवर आत पाणी आहे असे समजावे. या मुंगळ्यांसाठी दालनांची उंची १० ते १२ मिलिमीटर पुरते. छत फार उंच केले, तर त्यांना उघड्यावर असल्यासारखे वाटते आणि त्या कोपऱ्यात गोळा होऊन बसतात.

खरे कौशल्य ओलाव्याच्या वाटणीत आहे. संपूर्ण ठोकळा भिजवू नये. एका टोकाला पाण्यासाठी खळगा ठेवावा, म्हणजे ते टोक ओलसर, मधला भाग दमट आणि दुसरे टोक कोरडे राहते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शार्ल जाने या फ्रेंच अभ्यासकाने आपल्या प्लास्टरच्या घरट्यांत हीच युक्ती वापरली होती आणि तिच्यात सुधारणा करण्यासारखे फारसे काही राहिलेले नाही. अशी सोय असली, की निवड मुंग्याच करतात : अंडी आणि लहान अळ्या ओलसर दालनात, कोष कोरड्या दालनात, आणि हवा बदलली की सगळा संसार पुन्हा उचलून दुसरीकडे. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर या काळात हवाच इतकी दमट असते, की खळग्यात पाणी घालण्याची गरज क्वचितच पडते. काचेवर आतून थेंब दिसू लागले, तर झाकण उघडून हवा खेळू द्यावी. चैत्र-वैशाखात मात्र दर दोन-तीन दिवसांनी खळगा पाहावा.

पन्हाळगडाचे म्हणाल, तर ती हौस अंगणात भागवावी. दिवाळीचा किल्ला करणाऱ्या मुलाला बुरूज, तटबंदी आणि अंधारबाव सांगावी लागत नाही. वाळू, दगड आणि वाळलेल्या काटक्या यांनी ते अंगण हवे तसे सजवता येते आणि बिघडले तर मुंग्यांना धक्का न लावता बदलताही येते. थोडी बारीक वाळू घरट्यातही असावी, कारण अळ्यांना कोष विणताना आधाराला तिचा उपयोग होतो.

नव्या घरट्यात नेण्यासाठी नळी झटकून मुंग्या ओतू नयेत. नळी घरट्याला जोडावी, घरटे झाकावे आणि नळीवरचे आवरण काढावे; उजेडाला कंटाळून त्या स्वतःच निघतात, फक्त दिवस किती घ्यायचे ते त्या ठरवतात. या स्थलांतराच्या वेळी पाहायला बसावे. एक मुंगी दुसरीला जबड्यात धरते आणि धरली गेलेली मुंगी पाय अंगाशी मिटून, मुळीच न वळवळता, तिच्याबरोबर नव्या घरी जाते.

प्रश्न : माझे उद्यमनगरात वर्कशॉप आहे. ॲक्रिलिक कापण्याची सोय आहे आणि बांधकामाचे उरलेले सिपोरेक्स ब्लॉकही पडून आहेत. घरट्यासाठी यातले काय निवडावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही वापरा, पण वेगवेगळ्या कामांसाठी. सिपोरेक्स, म्हणजे एएसी ब्लॉक, सच्छिद्र असल्यामुळे पाणी ओढून घेतो, साध्या स्क्रू-ड्रायव्हरने कोरता येतो, आणि ओला राहूनही प्लास्टरसारखा लवकर मऊ पडत नाही. मोठे मुंगळे ओलसर प्लास्टर कुरतडून नवी वाट काढतात, हे ध्यानात घेता आमचा कौल या ब्लॉकला आहे. कोरताना तो ओला करावा आणि नाकावर मास्क ठेवावा, कारण त्याची धूळ छातीला वाईट. कोरून झाल्यावर धुऊन, भिजवून, पुन्हा पूर्ण वाळवावा. ॲक्रिलिक पाणी शोषत नाही, म्हणून ते दर्शनी झाकणासाठी आणि अंगणाच्या भिंतींसाठी ठेवावे. झाकण चिकटवण्यापेक्षा स्क्रूने आवळावे, म्हणजे कधी उघडायची वेळ आली तर ठोकळा फोडावा लागत नाही.

आपल्या हातात मोजमापाची शिस्त असेल, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. माशांच्या टाकीला हवा पुरवणारी बारीक नळी अनेक जण जोडणीसाठी वापरतात. तिचे आतले छिद्र सुमारे ४ मिलिमीटर असते, आणि मोठ्या डोक्याच्या कामकरी मुंग्या वसाहतीत आल्या, की त्या तिथे अडकतात. छिद्र ८ ते १० मिलिमीटरचे असावे. हवेच्या भोकांवर प्लॅस्टिकची नको, स्टीलची बारीक जाळी बसवावी; प्लॅस्टिक त्या चावून तोडतात. झाकणावर लाल जिलेटीन कागद लावला, तर मुंग्यांना लाल रंग फारसा दिसत नसल्याने त्या निवांत राहतात आणि आपले निरीक्षणही होते. पॉवर प्रेस किंवा ग्राइंडर ज्या बाकावर आहे त्यावर मात्र घरटे ठेवू नये, कारण कंपनाने त्या सतत बिथरलेल्या राहतात.

प्रश्न : आंब्याच्या झाडावर पाने जोडून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या प्लास्टरच्या घरट्यात राहतील का? राधानगरीच्या जंगलातून वेगळी जात आणता येईल का?
— एक विद्यार्थी, गडहिंग्लज

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. त्या मुंग्या आपल्याच अळ्यांच्या रेशमाने जिवंत पाने शिवतात. त्यांना झाड लागते, ठोकळा नव्हे. दुसऱ्याचेही नाहीच. राधानगरी हे अभयारण्य आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तिथून परवानगीवाचून कोणताही जीव उचलता येत नाही, मग तो गवा असो की मुंगी. आपल्या परसात मिळणारा मुंगळा शिकायला पुरेसा आहे.

प्रश्न : घरात आधीच मुंग्यांचा सुळसुळाट असताना नातवाने आणखी पाळल्या आहेत! त्या सुटल्या तर? आणि घरातल्या मुंग्या त्यांच्यावर चालून येतील का?
— एक आजी, मंगळवार पेठ

उत्तर : आपली दुसरी शंका अधिक महत्त्वाची आहे. घरात फिरणाऱ्या बारीक मुंग्या अंगणातल्या गोडावर येतात, संख्येने भारी पडतात आणि लहान वसाहत रातोरात संपवू शकतात. दुधा-तुपाच्या कपाटाच्या पायाखाली आपण पाण्याच्या वाट्या ठेवतो, तसाच सारा सरंजाम पाण्याच्या थाळीत विटेवर ठेवावा आणि पाणी रोज पाहावे. सुटू नयेत म्हणून टाल्कम पावडर सर्जिकल स्पिरिटमध्ये कालवून अंगणाच्या भिंतींच्या वरच्या कडेला आतून पट्टा द्यावा. स्पिरिट उडाले, की उरलेल्या भुकटीवर त्यांचे पाय घसरतात. पावसाळी हवेत ही भुकटी ओलावून निकामी होते, तेव्हा त्या महिन्यांत पट्टा वरचेवर नव्याने द्यावा आणि वर घट्ट जाळीचे झाकण ठेवावे.