चेसिसच्या काळ्या थराखालचा गंज

प्रश्न : दहा टायरचा ट्रक आहे. सोलापूरहून साखर भरून बंदरावर जातो, येताना पोटॅश खत आणतो. गेल्या पावसाळ्याआधी चेसिसला खालून काळं कोटिंग मारून घेतलं. आता पोपडे सुटतायत, आत लालभडक गंज दिसतो. त्यावरूनच आणखी एक हात मारला तर चालेल का? – एक ट्रकमालक, सोलापूर

उत्तर : नाही, कृपा करून मारू नका. तुम्ही आणता ते पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाच्याच जातीचं. सोलापूरची हवा कोरडी खरी, पण पावसाळी रात्री हे खत ओल धरून ठेवतं. चेसिसवरच्या त्या काळ्या डांबरी कोटिंगला रस्त्यावरची खडी लागून चीर पडते, तिथून खारं पाणी आत शिरतं आणि आतच राहतं. उघडं लोखंड निदान उन्हात वाळतं, थराखालचं वाळत नाही.

सुटलेला थर पत्रीने खरवडून काढा. मग साबण लावून प्रेशरने धुवा. शेवटचं पाणी गोडं हवं, बोअरचं मचूळ नको. पूर्ण एक दिवस वाळू द्या. ग्राइंडरला वायर ब्रश लावून लोखंड चकाकेपर्यंत घासा, त्याच दिवशी दोन भागांचा (ऐनवेळी एकत्र मिसळायचा) एपॉक्सी प्रायमर, म्हणजे गंजरोधक पहिला थर, मारा. तो रात्रभर वाळला की काळं कोटिंग दोन हातांत, 25-30 सेंटिमीटर अंतरावरून. एकदम जाड मारलं तर वर साय धरते आणि आतलं थिनर अडकतं. दहा टायरच्या चेसिसला साधारण 3 लिटर प्रायमर आणि 10-12 लिटर कोटिंग धरा. मे महिन्यात दुपारी लोखंड चटका देतं, तेव्हा फवारणी नको. सकाळी लवकर उरका.

खरी मेख दुहेरी चेसिसच्या दोन पट्ट्यांमध्ये आणि क्रॉस मेंबरच्या, म्हणजे दोन बाजूंना जोडणाऱ्या आडव्या तुळईच्या, जोडात आहे. तिथे गंज फुगतो आणि पट्ट्या एकमेकींपासून फाकवतो. या फटींत काळं कोटिंग जातच नाही, उलट तोंड बंद करतं. तिथे लांब नळीच्या नोझलने पातळ मेणाचं कोटिंग सोडा, दुसऱ्या बाजूने पाझरेपर्यंत. दरवर्षी जूनच्या आधी हे पुन्हा करावं लागतं. पट्टी आधीच फाकली असेल किंवा हातोडीच्या ठोक्याने खपल्या पडत असतील, तर कोटिंगचा खर्च थांबवा आणि आधी चेसिसच्या मिस्त्रीला दाखवा.

फवारण्याआधी टेप आणि कागदाने झाका : ब्रेक ड्रम, ब्रेक चेंबरची भोकं, एअर टँकचे ड्रेन व्हॉल्व्ह (पाणी काढायचे), डिफरन्शियलचा (मागच्या अॅक्सलच्या गिअरपेटीचा) ब्रीदर म्हणजे हवेचं तोंड, ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड), सायलेन्सर. प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या फिरत्या दांड्यावर, थर कमीजास्त बसला तर तो थरथरतो. चेसिस नंबरवर तर थेंबही नको, गाडीच्या फिटनेस तपासणीच्या वेळी तो वाचता आला पाहिजे.

प्रश्न : जळकं ऑइल डिझेलमध्ये मिसळून मारतात, ते चालेल का?

उत्तर : नको. त्याने स्प्रिंगच्या पाट्यांचे रबर बुश आणि ब्रेकचे होज फुगतात. वर धूळ चिकटून चिखलाचा लेप बसतो, पुढच्या खेपेचं खत त्यातच अडकतं.