विमानात बसण्याआधीची सावधगिरी

मे-जूनच्या सुट्टीत परदेशी जाणाऱ्या ठाणे आणि नवी मुंबईतील वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे येथे देत आहे. बहुतेक पत्रांत चोर आणि भामटे यांची भीती आहे, आणि ती रास्तही आहे. परंतु प्रवास विम्याच्या कामात अनेक वर्षे घालवल्यानंतर मला असे ठामपणे सांगावेसे वाटते की, सहलीत जिवावर बेतते ते बहुधा रस्त्यावर, पाण्यात किंवा दुखणे अंगावर काढल्यामुळे. आणि यांपैकी बऱ्याच गोष्टींचा बंदोबस्त घरातून निघण्यापूर्वीच करता येतो.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली असून सासूबाई मधुमेहासाठी इन्सुलिन घेतात. आम्ही दोघांना युरोपला नेत आहोत. टूर कंपनीने व्हिसासाठी विमा काढून दिला आहे. तो पुरेसा आहे का? (एक वाचक, नेरूळ)

उत्तर : शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या सामाईक व्हिसासाठी, किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते आणि टूर कंपन्या बहुधा तेवढ्याच रकमेचा विमा काढतात. व्हिसा मिळण्यासाठी तो पुरेसा असतो. हृदयविकाराचा झटका येऊन अतिदक्षता विभागात राहावे लागले तर पुरेलच, असे म्हणता येत नाही. त्याहून महत्त्वाचा मुद्दा आधीच्या आजारांचा आहे. अनेक पॉलिसींमध्ये पूर्वीपासूनच्या आजाराचा खर्च एकतर वगळलेला असतो किंवा केवळ जिवाला धोका असलेल्या आणीबाणीपुरता आणि वेगळ्या, बऱ्याच कमी मर्यादेत दिला जातो. म्हणून पॉलिसीचे कागद मागवून घ्या, त्यातील आधीच्या आजारांविषयीचे कलम स्वतः वाचा आणि अर्जात अँजिओप्लास्टी व मधुमेह यांची नोंद झाली आहे की नाही, हे तपासा. ‘कशाला लिहायचे, हप्ता वाढेल,’ असे सांगणारा एजंट भेटला तर त्याचे ऐकू नका, कारण लपवलेला आजार हे दावा नाकारण्याचे सर्वांत सोपे कारण ठरते. ज्येष्ठांसाठी आधीच्या आजारांसह मिळणारा, अधिक रकमेचा विमा महाग असतो, तरीही मी तोच घ्यायला सांगेन.

विमापत्रावर चोवीस तास चालणाऱ्या मदत क्रमांकाचा उल्लेख असतो. रुग्णालयात दाखल करण्यापूर्वी, आणि ते शक्य नसेल तर दाखल केल्यावर लगेच, त्या क्रमांकावर कळवले तरच कॅशलेस सोय होण्याची शक्यता राहते. हा क्रमांक कुटुंबातील प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आणि सासऱ्यांच्या खिशातील चिठ्ठीवरही असावा. त्याच चिठ्ठीवर त्यांचा रक्तगट, आजार आणि औषधे इंग्रजीत लिहून ठेवा. युरोपीय संघातील सर्व देशांत आणीबाणीसाठी ११२ हा क्रमांक चालतो.

औषधे पूर्ण सहलीला पुरून आठवडाभर उरतील इतकी घ्या आणि ती हातातल्या बॅगेतच ठेवा. इन्सुलिन चेक-इन सामानात टाकू नये. सामानकक्षात ते गोठून निकामी होऊ शकते आणि बॅग वेळेवर आली नाही तर पहिल्याच दिवशी पंचाईत होते. डॉक्टरांकडून औषधांच्या मूळ नावांसह चिठ्ठी लिहून घ्या, कारण आपल्या ओळखीची व्यापारी नावे तिकडच्या औषधविक्रेत्यांना कळत नाहीत. उन्हाळ्यात भारत आणि मध्य युरोप यांच्या वेळेत साडेतीन तासांचा फरक असतो, त्यामुळे इन्सुलिनची वेळ कशी बदलायची, हेही डॉक्टरांनाच विचारा.

प्रश्न : परदेशात कार्ड वापरताना फसवणूक झाली तर पैसे परत मिळतात का? ओटीपीशिवाय कोणी पैसे काढू शकत नाही, असे माझे मित्र म्हणतात. (एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर : आपल्या मित्रांचा समज चुकीचा आहे. परदेशातील अनेक संकेतस्थळे ओटीपी मागतच नाहीत. कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन अंक एवढ्यावर व्यवहार होतो. म्हणून परदेशी व्यवहारांची सोय बँकेच्या ॲपमधून निघताना सुरू करा, तिला खर्चापुरती मर्यादा घाला आणि परतल्यावर ती बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कोणाची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. मात्र पिन किंवा ओटीपी आपण स्वतः कोणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले. बँकेचा संदेश वेळेवर मिळावा म्हणून भारतीय सिम काढून घरी ठेवू नका. ते रोमिंगवर चालू ठेवून डेटासाठी दुसरे सिम किंवा ई-सिम वापरा. दोन कार्डे असतील तर ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

प्रश्न : आम्ही चार मित्र जूनमध्ये थायलंडमधील फुकेत बेटावर जात आहोत. तिथे स्कूटर भाड्याने घेऊन फिरायचा बेत आहे. काय काळजी घ्यावी? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : आपण स्कूटरविषयी विचारले आहे, मी आधी समुद्राविषयी लिहितो. मे ते ऑक्टोबर या काळात फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे पातोंग, करोन, काता या प्रसिद्ध किनाऱ्यांवर, नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे समुद्र खवळलेला असतो. हेच वारे जूनमध्ये कोकणात येतात तेव्हा आपले कोळी बांधव होड्या किनाऱ्याला ओढून ठेवतात. तिथे मात्र हॉटेले स्वस्त असतात, ऊनही मधूनमधून पडते आणि पाणी वरून शांत भासते. लाल बावटा लावलेला असेल तर गुडघाभर पाण्यातही उतरू नका. लाटा फुटत असताना मध्येच जो शांत, काळसर पट्टा दिसतो, तिथूनच बहुधा पाणी जोराने समुद्राकडे परतत असते, आणि नवख्याला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. त्याने चांगला पोहणाराही थकून बुडतो. तरंगत राहून हात वर करून मदत मागावी आणि किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडावे. पोहता न येणाऱ्याला वाचवायला दुसऱ्या न पोहणाऱ्याने उडी मारू नये, हे चौघांत आधीच ठरवून घ्या.

बेटांवर नेणाऱ्या बोटींबाबतही हेच. जुलै २०१८ मध्ये फुकेतजवळ वादळात पर्यटकांची एक बोट उलटून ४७ जणांचा मृत्यू झाला. हवामानाचा इशारा असेल त्या दिवशी भरलेले पैसे सोडून द्यावेत आणि बोटीत शिरताच अंगात लाइफ जॅकेट चढवून त्याचे पट्टे बांधावेत.

आता स्कूटर. थायलंडमध्ये ती चालवायला मूळ परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना हवा. तो आपल्या आरटीओतून मिळतो, त्याचे शुल्क एक हजार रुपये असून तो जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. आपल्या भारतीय परवान्यावर दुचाकीची नोंद नसेल, केवळ मोटारीची असेल, तर आंतरराष्ट्रीय परवान्यावरही ती येणार नाही. गाडी भाड्याने देणारा हे काही विचारत नाही. अपघातानंतर विमा कंपनी मात्र विचारते, आणि योग्य परवाना नसल्यास, हेल्मेट नसल्यास किंवा चालक दारू प्यायलेला असल्यास रुग्णालयाचा सारा खर्च घरच्यांवर पडू शकतो. अनामत म्हणून पासपोर्ट मागणाऱ्या दुकानातून गाडी घेऊ नका. गाडी ताब्यात घेतानाच तिच्या प्रत्येक ओरखड्याचा व्हिडिओ काढून ठेवा. माझे मत विचाराल तर, पावसात, अनोळखी घाटरस्त्यांवर चौघांनी मिळून चालकासह गाडी ठरवणे हेच शहाणपणाचे आहे.

प्रश्न : दुबईला जाताना शेजारच्या काकूंनी त्यांच्या मुलासाठी खाऊचे पाकीट दिले आहे. नाही म्हणणे बरे दिसत नाही. काय करावे? (एक वाचक, कळवा)

उत्तर : पाकीट त्यांच्यासमोर उघडा, प्रत्येक वस्तू पाहा आणि सामान स्वतः भरा, एवढे करू दिले नाही तर नम्रपणे नकार द्या. काकूंचा हेतू शुद्ध असला तरी वस्तू चुकीची असू शकते. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी असलेल्या पदार्थांत मोडते, आणि आपल्याकडे ती अनारशांवर, करंजीच्या सारणात आणि अनेक घरांच्या गोड्या मसाल्यातही असते. विड्याची पानेही तिथे चालत नाहीत. सिंगापूरमध्येही खसखशीवर बंदी आहे. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली खोकल्याची व वेदनाशामक औषधे अमिरातीत परवानगीशिवाय नेऊ नयेत. विमानतळावर भेटलेल्या अनोळखी माणसाची पिशवी तर क्षणभरही हातात धरू नये, मग ती व्यक्ती कितीही वयस्कर आणि मराठी बोलणारी असो. विमानतळावर बॅग ज्याच्या हाती, जबाबदार तोच.

प्रश्न : पासपोर्ट हरवला तर परत कसे यायचे? तो सतत जवळ बाळगावा की हॉटेलच्या तिजोरीत ठेवावा? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : सर्व देशांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. जपानमध्ये परदेशी पर्यटकाने मूळ पासपोर्ट जवळ बाळगणे कायद्याने बंधनकारक आहे. जिथे तसा नियम नाही तिथे तो खोलीतील तिजोरीत ठेवून छायाप्रत घेऊन फिरणे बरे. हरवल्यास प्रथम स्थानिक पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी आणि मग भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास गाठावा. तिथून भारतात परतण्यापुरते ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ मिळते. त्यावर पुढच्या देशात जाता येत नाही, सहल तिथेच संपते. दूतावासाला आपली ओळख पटवावी लागते, म्हणून पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाची आणि व्हिसाची प्रत, तसेच दोन छायाचित्रे पासपोर्टपासून वेगळी ठेवा. एक प्रत घरी कोणाकडे तरी असू द्या. हरवल्याची नोंद झाल्यावर तो पासपोर्ट रद्द होतो, त्यामुळे नंतर तो सापडला तरी त्यावर प्रवास करू नये. दूतावासाकडून दाद मिळाली नाही, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते.

चोरी टाळण्याबाबत एकच सांगतो. ठाण्याहून सकाळची लोकल पकडणारा माणूस सॅक आपसूक पोटावर घेतो. तोच माणूस पॅरिसच्या मेट्रोत किंवा रोमच्या तेर्मिनी स्थानकावर पाठीवर सॅक आणि मागच्या खिशात पाकीट ठेवून फिरतो. सह्या मागणाऱ्या मुली, मनगटाला दोरा बांधू पाहणारे तरुण आणि पाकीट तपासायचे आहे असे सांगणारे साध्या वेशातले तथाकथित पोलीस यांच्याजवळ थांबू नये.

प्रश्न : माझी मुलगी दोन मैत्रिणींबरोबर प्रथमच व्हिएतनामला जात आहे. वडील म्हणून मी काय पाहावे? (एक वाचक, खारघर)

उत्तर : पहिल्या शहरात त्या दिवसाउजेडी पोहोचतील असे विमान निवडा आणि पहिल्या दोन रात्रींचे हॉटेल आधीच पक्के करा. गाडी ॲपवरून मागवावी आणि बसण्यापूर्वी तिचा क्रमांक जुळवून पाहावा. हो ची मिन्ह शहरात मोटारसायकलवरून येऊन मोबाइल आणि पर्स हिसकावण्याचे प्रकार होतात, तेव्हा रस्त्याच्या कडेला उभे राहून नकाशा पाहू नये. तिथे वाहने उजव्या बाजूने चालतात, म्हणून रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते. दुचाकीचा मोह झाला तर त्यांना सांगा की व्हिएतनाम रस्ते वाहतुकीविषयीच्या १९६८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार दिलेलाच आंतरराष्ट्रीय परवाना मानतो आणि भारताचा परवाना १९४९ च्या करारानुसार दिलेला असतो, म्हणून तो तिथे चालत नाही.

पेयांविषयी मुलीशी संकोच न बाळगता बोला. शेजारच्या लाओसमध्ये, वांग व्हिएंग येथे, नोव्हेंबर २०२४ मध्ये मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल मिसळलेल्या दारूमुळे सहा परदेशी पर्यटकांचा मृत्यू झाला. फुकट मिळालेले किंवा नजरेआड ओतलेले पेय घेऊ नये, आणि दुसऱ्या दिवशी दृष्टी अंधुक झाल्यास किंवा श्वास जड झाल्यास ती नशेची उतरण समजून झोपून न राहता तत्काळ रुग्णालयात जावे.

व्हिएतनाममध्ये पोलिसांसाठी ११३ आणि रुग्णवाहिकेसाठी ११५ हे क्रमांक आहेत. दर तासाला फोन करण्याचा आग्रह आपण धरू नये, अशी माझी विनंती आहे, कारण त्या दडपणाने मुली खरी अडचण लपवतात. रोज रात्रीची एक वेळ ठरवा, आणि त्या वेळेनंतर किती तासांनी आपण हॉटेलला व नंतर हनोई येथील भारतीय दूतावासाला फोन करणार, हे तिलाही आधीच सांगून ठेवा.